वाकाटक गुप्तांचे मांडलिक नव्हते

‘वाकाटक? ते तर गुप्तांचे मांडलिक!’ रामटेक-नगरधनच्या सहलीत, व्याख्यानांत, स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये हे वाक्य इतक्या खात्रीने फेकले जाते की संताप येतो. आपल्याच नागपूर जिल्ह्यात राजधानी असलेल्या घराण्याला आपणच दुय्यम का ठरवावे?

आधी कालक्रम पाहू. गुप्त संवत सुरू होतो इ.स. 319-20 मध्ये. विंध्यशक्तीने वाकाटक सत्ता उभारली ती त्याआधी, तिसऱ्या शतकाच्या मध्याला. त्याचा मुलगा पहिला प्रवरसेन याने चार अश्वमेध केले आणि ‘सम्राट’ हे बिरुद घेतले. त्याच्यानंतर राज्य विभागले गेले. एक शाखा नंदिवर्धनला, म्हणजे आजच्या नगरधनला, तर दुसरी वत्सगुल्म म्हणजे वाशीमला नांदली.

गैरसमजाचे मूळ आहे एका लग्नात. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता नंदिवर्धनच्या दुसऱ्या रुद्रसेनाला दिली होती. तो अकाली गेला आणि लहान मुलाच्या वतीने तिने कारभार हाती घेतला. तिच्या पुणे ताम्रपटात सुरुवातीला माहेरची वंशावळ येते, हे खरे. माहेरचा प्रभावही होताच. पण सोयरीक म्हणजे मांडलिकी नव्हे! खरा मांडलिक कसा लिहितो ते बुंदेलखंड-बघेलखंडातल्या परिव्राजक राजांच्या ताम्रपटांत बघा: गुप्तांचे राज्य चालू असल्याचा स्पष्ट उल्लेख आणि वर्ष गुप्त संवताचे. याच पुणे ताम्रपटावर मात्र नुसते तेरावे वर्ष आहे, गुप्त संवत नाही. पुढे तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन स्वतःच्या राज्यवर्षांनीच दाने देतो. शंका असेल त्यांनी वा. वि. मिराशींनी संपादित केलेला वाकाटक लेखांचा खंड (1963) उघडावा. 2015 ते 2018 दरम्यान नगरधनच्या उत्खननात प्रभावतीच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. त्यावर ब्राह्मी अक्षरे आणि शंख आहे. कारभार इथून चालत होता, पाटलीपुत्राहून नव्हे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. नगरधनचा आज उभा असलेला किल्ला वाकाटकांचा नाही. त्याचे सध्याचे रूप भोसलेकालीन आहे. अजिंठ्याची चित्रे सरसकट ‘गुप्तकला’ नव्हेत. 16 क्रमांकाचे लेणे वत्सगुल्मच्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरवले. नागपूरचा इतिहास गोंड राजा बख्त बुलंद शहापासून सुरू होतो, हे शहरापुरते ठीक, जिल्ह्यापुरते नाही.

आणि ‘गुप्त बुडाले म्हणून वाकाटकही बुडाले’ हेही चूक. नंदिवर्धनवर घाला आला तो पूर्वेकडच्या नलांचा. त्यांचा राजा भवदत्तवर्मा याने नंदिवर्धनहून काढलेला ताम्रपटच उपलब्ध आहे. दुसऱ्या पृथिवीषेणाने घराण्याची बुडती लक्ष्मी सावरल्याचा दावा केला, पण त्याच्यानंतर ही शाखा संपली. वत्सगुल्मची सत्ता हरिषेणाच्या काळात शिखरावर पोचली आणि त्याच्यामागे लवकरच कोसळली.

रामटेकला गडावर जाल तेव्हा केवल नरसिंहाच्या मंदिरातला वाकाटककालीन शिलालेख अवश्य पाहा, आणि सोबतच्या मुलांना तो कोणत्या घराण्याचा आहे हे नाव घेऊन सांगा.