आंबोलीच्या वाटेवरचा अनुताप

पावसाळ्यात आंबोलीचा घाट चढून आलं की धुक्यात पुढचं वळणही दिसत नाही. आज लोक इथं धबधब्यासाठी येतात. पण हे गाव मुळात वाटेवरचा मुक्काम. वेंगुर्ला बंदरात उतरलेला माल आणि माणसं बेळगावच्या छावणीकडे जाताना इथं विसावत. या वाटेची दोन टोकं आणि दक्षिणेला जवळच असलेला गोवा एकत्र पाहिले, की मराठी ख्रिस्ती श्रद्धेची चारशे वर्षं समोर येतात. बाप्तिस्म्यांचे आकडे मला मोजायचे नाहीत. श्रद्धेपायी कुणी काय सोडलं आणि कुणासाठी उभं राहिलं, ते पाहायचं आहे.

सुरुवात गोव्यापासून करावी लागते, आणि ती अवघड आहे. इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. दहा हजारांहून अधिक ओव्या, आणि कोकणीची चव लागलेली मराठी. परमुलखातल्या माणसानं इथल्या पुराणाच्या घाटात येशूची कथा रचावी, हे भक्तीशिवाय होत नाही. पण त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं. देवळं पाडली गेली, लोक आपले देव घेऊन हद्दीपार गेले. ओव्यांचं कौतुक करताना हे झाकायचं असेल, तर पश्चात्ताप हा शब्द आपण उच्चारू नये.

वाटेचं वरचं टोक बेळगाव. तिथल्या एका कासार घरात १८३१ साली बाबा पदमनजी जन्मले आणि १८५४ साली ख्रिस्ती झाले. तीनच वर्षांनी त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात, पण तिचा विषय लोक विसरतात. गावोगाव फिरताना यमुनेला विधवांचे हाल दिसतात आणि पुढे तेच तिच्याही वाट्याला येतात. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. धर्म बदललेल्या तरुणानं सर्वांत आधी ज्यांचं कुणी ऐकत नव्हतं त्यांची बाजू मांडली, हे मला फार मोठं वाटतं.

तीच बाजू पंडिता रमाबाईंनी प्रत्यक्ष आयुष्यात घेतली. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण आपल्याला धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही, असं पुढे त्यांनीच लिहून ठेवलं. विद्वत्तेनं गाजलेल्या बाईनं स्वतःबद्दल असं कबूल करायला किती बळ लागलं असेल! १८८९ साली त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं. १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा गोळा करून आणल्या. त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळात गेले होते. त्या मुलींची भूक रमाबाईंना सांगावी लागली नसेल. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुली शिकल्या, छापखाना चालवू लागल्या. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबल उतरवत होत्या. ते काम संपत आलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते मानत. वारकऱ्याला अनुताप समजावून द्यावा लागत नाही. टिळकांनाही द्यावा लागला नाही. पण मला त्यांच्याहून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई जास्त जवळच्या वाटतात. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी वर्षानुवर्षं विरह आणि अपमान सोसला. सोवळं त्यांनी सोडलं नव्हतं. मग एकदा मनाशी विचार करता करता त्यांना उमगलं, की जातिभेद देवानं केलेला नाही, माणसांनी केला. बाप्तिस्म्याच्या आधीच त्यांनी तो टाकून दिला. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रातली ही जागा मी कितीदा तरी वाचली आहे. जन्मभराची सवय एका दिवसात मोडणं, याहून खरा पश्चात्ताप कोणता? बाप्तिस्मा घेऊनही जात न सोडणारे आपल्या चर्चमध्ये आजही आहेत. त्यांनी ही पानं वाचायलाच हवीत. टिळकांचं अपुरं काव्य ‘ख्रिस्तायन’ पुढे नेलं तेही लक्ष्मीबाईंनीच.

अलीकडचं नाव वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं. बायबल मराठीत आणणारा हा धर्मगुरू वसईची हिरवाई वाचवण्यासाठी धाकदपटशाला न भिता रस्त्यावर उतरला.

वाटेचं खालचं टोक वेंगुर्ला. तिथं अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचं सेंट ल्यूक्स हॉस्पिटल उभं राहिलं. ज्याच्या नावानं हॉस्पिटल उभं राहिलं, तो लूक परंपरेनं वैद्य. आजाऱ्याच्या उशाशी बसणं हीसुद्धा उपासनाच आहे.

दिवाळीच्या सुटीत आंबोलीला येणार असाल तर ‘यमुनापर्यटन’ सोबत आणा. बाबा पदमनजींचं बेळगाव इथून दोनेक तासांवर आहे.