परलोकीचे जहाज: मुंबईची जुम्मा मशीद

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची जुम्मा मशीद एका जुन्या तळ्यावर उभी आहे. तळ्यातून वर आलेल्या काळ्या दगडी कमानी तिचा भार पेलतात आणि पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरतात. नमाजापूर्वी वजू करावा लागतो: चूळ भरून नाक, चेहरा आणि कोपरापर्यंत हात धुतात, ओला हात डोक्यावरून फिरवतात आणि शेवटी घोट्यांपर्यंत पाय धुतात. अनेक मशिदींत त्यासाठी अंगणात हौद बांधलेला असतो. इथे पाणी हाच वास्तूचा गाभा आहे.

मशिदीचे बांधकाम पूर्ण झाल्याचे वर्ष ‘जहाज-ए-आखिरत’, म्हणजे परलोकीचे जहाज, या शब्दांत गुंफलेले आहे. अरबी लिपीतील प्रत्येक अक्षराला ठरलेले संख्यामूल्य असते. ‘जहाज’चे १६ आणि ‘आखिरत’चे १२०१ मिळून हिजरी १२१७, म्हणजे इ. स. १८०२, हे वर्ष निघते. पाण्यावरच्या प्रार्थनास्थळाला याहून समर्पक नाव सुचणे कठीण.

मशिदीतला मेहराब हा भिंतीतला कोनाडा नमाजासाठी मक्केची दिशा दाखवतो. मुंबईत ती पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कललेली असते. कोनाड्यात मूर्ती वा चित्र नसते. शेजारच्या मिंबरावरून, म्हणजे पायऱ्यांच्या व्यासपीठावरून, शुक्रवारी खुतबा, म्हणजे प्रवचन, दिले जाते.