आकडा दिसण्याआधी

बुद्धिबळ स्पर्धेतला डाव हरून घरी आलेल्या खेळाडूला विश्लेषणासाठी आज एक रुपयाही खर्च करावा लागत नाही. फोनवर लिचेस हे बुद्धिबळाचं मोफत संकेतस्थळ उघडायचं, स्कोअरशीटवरच्या खेळ्या भरायच्या आणि एक बटण दाबायचं. थोड्याच वेळात डावाचा आलेख तयार होतो, चुका आणि घोडचुका वेगवेगळ्या रंगांत समोर येतात. तरीही ‘विश्लेषणासाठी कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?’ हा प्रश्न अकादमीबाहेर मुलाची वाट पाहणाऱ्या पालकांपासून निवृत्तीनंतर पुन्हा पटाकडे वळलेल्या हौशी खेळाडूंपर्यंत सगळेच विचारतात, आणि विचारताना त्यांच्या मनात बहुतेक वेळा इंजिनाची ताकद असते. सगळ्यांत ताकदवान तेच सगळ्यांत चांगलं, असा तो हिशेब. संगणकाची तांत्रिक माहिती नसलेल्या खेळाडूला हा हिशेब भलत्याच वस्तूकडे घेऊन जातो, असं माझं म्हणणं आहे. इंजिनाचं मत कळण्याआधी आपलं मत मांडायला एखादं सॉफ्टवेअर किती जागा देतं, हीच त्याच्यासाठी खरी कसोटी आहे.

यामागे एक साधी तांत्रिक गोष्ट आहे, आणि ती समजायला संगणकशास्त्र यावं लागत नाही. हिशेब करणारं इंजिन आणि पट दाखवणारं सॉफ्टवेअर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. २००० साली यूसीआय नावाची एक सामाईक संवादपद्धत आली. तेव्हापासून जवळपास कोणतंही इंजिन कोणत्याही पटामागे जोडता येतं. त्यामुळे ‘कोणतं सॉफ्टवेअर’ या प्रश्नाचे दोन तुकडे होतात, आणि त्यातल्या इंजिनाच्या तुकड्याचं उत्तर मिळून बरीच वर्षं झाली. स्टॉकफिश हे जगातल्या सर्वांत बलवान इंजिनांपैकी एक. २००८ पासून ते खुलं आणि मोफत आहे. १९९७ मध्ये विश्वविजेत्या कास्पारोव्हला हरवणारा डीप ब्लू हा संगणक सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासायचा आणि त्यासाठी आयबीएमने खास यंत्रणा उभारली होती. आज खिशातल्या फोनवरचं स्टॉकफिश त्याहून कितीतरी कमी स्थिती तपासूनही त्याच्यापेक्षा फार चांगलं खेळतं. विशेषतः सप्टेंबर २०२० मधल्या १२व्या आवृत्तीत न्यूरल नेटवर्कवर आधारलेलं मूल्यमापन आल्यापासून. मॅग्नस कार्लसनचं आजवरचं सर्वोच्च रेटिंग २८८२ आहे आणि फिडे या जागतिक संघटनेच्या रेटिंग यादीची सुरुवात २०२४ पासून १४०० वर होते. या पट्ट्यात कुठेही असलेल्या माणसासाठी पहिल्या क्रमांकाचं इंजिन आणि दहाव्या क्रमांकाचं इंजिन यांतला फरक व्यवहारात शून्य आहे. दोन्हीही त्याला दिसणार नाही ते पाहतात. पैसे मोजून घेतलेलं इंजिन अधिक खरं सांगतं, ही समजूतही टिकत नाही. चेसबेस कंपनीने विकलेल्या ‘फॅट फ्रिट्झ २’च्या गाभ्यात स्टॉकफिशच होतं, त्याच्या मुक्त परवान्याच्या अटींवरून स्टॉकफिशचे विकासक २०२१ मध्ये जर्मनीत न्यायालयात गेले आणि २०२२ मध्ये दोन्ही बाजूंनी समझोता केला.

आता त्या आकड्याकडे येऊ, कारण सगळा मोह तिथेच आहे. पडद्याच्या कोपऱ्यात +०.८ किंवा -१.३ दिसतं आणि वाटतं, निकाल लागला. पण हा आकडा कुणाच्या खेळाबद्दल बोलतो? डिसेंबर २०२२ मधल्या १५.१ आवृत्तीपासून स्टॉकफिशने आपल्या आकड्यांची पट्टी अशी ठरवली, की +१.०० म्हणजे स्टॉकफिशच स्टॉकफिशशी खेळलं तर पांढऱ्याची जिंकण्याची शक्यता निम्मी. त्याआधी हाच आकडा ढोबळमानाने प्याद्याच्या किमतीत वाचला जायचा. म्हणून जुन्या आवृत्तीचा +१.५ आणि नव्या आवृत्तीचा +१.५ एक नाहीत. मुख्य म्हणजे दोन्ही पट्ट्या यंत्राच्या खेळाच्या आहेत. १५०० रेटिंगच्या दोन माणसांच्या डावात +०.८ काय आणि -०.८ काय, पुढच्या पाच खेळ्यांत तो तीनदा उलटू शकतो. किंग्ज गॅम्बिटला इंजिन पांढऱ्यासाठी उणे आकडा देतं म्हणून ती सुरुवात सोडून देणारा क्लबचा खेळाडू ज्या अडचणीतून सुटका करून घेतो, ती त्याच्या पातळीवर त्याला कधी आलेलीच नसते.

एक स्थिती पटावर मांडून पाहण्यासारखी आहे. पांढऱ्याचा राजा डी५, हत्ती एच७, प्यादं ई५. काळ्याचा राजा ई८ आणि हत्ती ए६. अठराव्या शतकातल्या फिलिदोर या फ्रेंच खेळाडूच्या नावाने ती ओळखली जाते. इंजिन ०.०० दाखवतं आणि ते अगदी बरोबर आहे. सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितींचे निकाल टेबलबेसमध्ये आता कायमचे काढून ठेवलेले आहेत, त्यातही हीच बरोबरी निघते. पण दोन उघडे राजे उरले तरी इंजिन ०.००च दाखवतं. तिथे बरोबरीसाठी काहीच यावं लागत नाही, इथे मात्र पद्धत माहीत असावी लागते. काळ्याने हत्ती सहाव्या ओळीतच इकडून तिकडे हलवत राहायचं, म्हणजे पांढऱ्या राजाला पुढे घुसता येत नाही. पांढऱ्याने वैतागून प्यादं ई६ वर ढकललं, की त्याच्या राजाला शहांपासून लपण्याचा आडोसा संपतो. त्या क्षणी हत्ती सरळ ए१ वर न्यायचा आणि मागून शह देत सुटायचं. हे माहीत नसलेला खेळाडू हत्ती आठव्या ओळीत आणून राजाशेजारी राखणीला बसवतो आणि अशा मधल्या प्याद्यासमोर हरतो. ही सगळी गोष्ट ०.०० या आकड्यात कुठेच नाही. ती कुणीतरी शब्दांत सांगावी लागते, आणि आपल्या डावापुरती ती आपणच आपल्याला सांगावी लागते.

म्हणून सॉफ्टवेअर पारखताना पहिली नजर इंजिन बंद करण्याच्या बटणाकडे जायला हवी. इंजिन चालू असलेला पडदा डोळे कसे खिळवून ठेवतो ते पाहा. तीन ओळी एकाखाली एक धावत असतात, डावीकडे खोलीचा, म्हणजे इंजिन किती पुढचं पाहतंय त्याचा, आकडा १५, १८, २२ असा चढतो, पहिल्या क्रमांकावरची खेळी अचानक तिसऱ्यावर जाते. फोनवर घोड्याची खेळी सुचवणारं इंजिन लॅपटॉपवर थोडं जास्त वेळ चालवलं तर हत्तीची सुचवतं. तंत्राशी अपरिचित माणूस इथे गोंधळतो आणि सॉफ्टवेअर बिघडलं असं समजतो. प्रत्यक्षात खोली वाढली की मत बदलणं हाच इंजिनाचा स्वभाव आहे, आणि पहिल्या दोन खेळ्यांत ०.१ चा फरक असेल तर माणसाने त्या सारख्याच मानाव्यात. पण या धावत्या ओळींसमोर बसल्यावर खेळाडूचा स्वतःचा विचार थांबतो, हे नुकसान मोठं. सोळाव्या खेळीला आपण उंट मागे का घेतला, समोरच्याच्या कोणत्या धमकीला घाबरलो, घड्याळात किती वेळ उरला होता, यातलं काहीही इंजिनाला माहीत नाही. ते फक्त खेळाडूला माहीत असतं, तेही दोन-चार दिवसच.

या कसोटीवर लिचेसची ‘स्टडी’ ही सोय मला सर्वांत वरची वाटते. डाव एका प्रकरणात भरायचा, इंजिनाची कळ बंद ठेवायची, प्रत्येक महत्त्वाच्या खेळीखाली आपलं म्हणणं लिहायचं, पर्यायी खेळ्या शाखा म्हणून जोडायच्या; एका स्टडीत अशी ६४ प्रकरणं बसतात आणि ती खाजगीही ठेवता येतात. नंतर संगणकाचं विश्लेषण मागवलं, की ‘चुकांमधून शिका’ हा भाग चुकीच्या आधीची स्थिती समोर ठेवतो आणि चांगली खेळी आपल्यालाच शोधायला लावतो. ज्यांना इंटरनेटवर अवलंबून राहायचं नाही त्यांना स्किड व्हर्सेस पीसी हा मोफत प्रोग्रॅम आहे. त्यात इंजिन उघडल्याशिवाय दिसत नाही आणि नोंदी उत्तम राहतात. मेनूंची मात्र गर्दी आहे, आणि ज्याला फाइल कुठे साठवली हे शोधायला कुणाला तरी हाक मारावी लागते त्याने त्या वाटेला जाऊ नये.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की मोठे खेळाडू तर चेसबेस वापरतात, मग आपण का नको? चेसबेसची नोंदींची साधनं खरोखर उत्कृष्ट आहेत आणि त्याच्या मेगा डेटाबेसमध्ये एक कोटीहून अधिक डाव आहेत. पण तो संग्रह लागतो कुणाला? उद्याच्या फेरीतला प्रतिस्पर्धी काळ्याकडून काय खेळतो हे जुन्या डावांतून काढणाऱ्याला. विदित गुजराथी किंवा दिव्या देशमुख या ग्रँडमास्टरांच्या पातळीवर ही रोजची गरज आहे. शनिवार-रविवारच्या खुल्या स्पर्धेत समोर येणाऱ्या १५०० च्या खेळाडूचे डाव तिथे सहसा सापडत नाहीत. जो मुलगा प्रशिक्षकाबरोबर नियमित सुरुवातींची तयारी करू लागला आहे त्याच्यासाठी तो खर्च सार्थकी लागेल. त्याआधी घेतलेलं चेसबेस, तेही विंडोजचा संगणक घरात असेल तर, बहुधा महागडा पट म्हणूनच वापरलं जाईल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चेस डॉट कॉमचा ‘गेम रिव्ह्यू’ आकड्यांऐवजी शब्दांत बोलतो, या खेळीने घोडा फुकट गेला असं सांगतो. नवख्याला यापेक्षा वेगळं काय हवं? मोहरे उघड्यावर सोडण्याच्या टप्प्यातल्या मुलासाठी हे मला पूर्ण मान्य आहे. त्याला स्वतःचं मत लिहायला लावणं हा जाच होईल. मोफत खात्यावर ही सोय मर्यादित आहे, तरी एका डावापुरती ती पुरते. अडचण पुढच्या टप्प्यावर येते, जेव्हा मुलगा अचूकतेची टक्केवारी पाहून खूश किंवा नाराज होऊ लागतो. समोरच्याने दहाव्या खेळीला वजीर गमावला तर उरलेला डाव सोप्या खेळ्यांनी जिंकता येतो आणि टक्केवारी चढते; पन्नास खेळ्यांच्या गुंतागुंतीच्या झुंजीत, आयुष्यातला सर्वांत चांगला बचाव केला तरी ती उतरते. पालकांनी ही टक्केवारी गुणपत्रिकेसारखी वाचू नये.

तिसरा आक्षेप प्रशिक्षक घेतात, आणि तो रास्त आहे: इंजिनाशिवाय केलेलं विश्लेषण चुकीचं असतं, मग खेळाडू आपल्याच चुकीच्या समजुती पक्क्या करत बसेल. माजी विश्वविजेता बोटविनिकने यावर उपाय सांगितला होता. आपल्या डावांचं विश्लेषण छापून टाका, म्हणजे इतर लोक चुका काढतील. आज ते टीकाकाराचं काम इंजिन फुकट करतं, आणि टीकाकाराला आधी काहीतरी वाचायला द्यावं लागतं. सोळाव्या खेळीखाली ‘इथे मला जी७ वरचा हल्ला मोठा वाटला’ असं लिहिलेलं असेल आणि इंजिनाने तो हल्ला पोकळ ठरवला, तर खेळाडूला कळतं की तो धमक्या फुगवून पाहतो. नोंद नसेल तर फक्त चुकलेली खेळी कळते, सवय कळत नाही. ज्यांना यंत्राची परिपूर्ण खेळी नको, आपल्या पातळीचा माणूस इथे काय खेळेल ते हवं आहे, त्यांच्यासाठी माया हे इंजिन आहे. टोरांटो आणि कॉर्नेल विद्यापीठं व मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ते ११०० ते १९०० रेटिंगच्या लिचेस खेळाडूंच्या डावांवर घडवलं, आणि लिचेसवर त्याच्याशी खेळताही येतं.

शेवटी एक व्यावहारिक गोष्ट, जिच्याकडे जवळपास कुणीच खरेदीच्या वेळी पाहत नाही. सॉफ्टवेअर बदलत राहतात. डाव आणि नोंदी बरोबर न्यायच्या तर त्या पीजीएन या डाव साठवण्याच्या सामाईक साच्यातल्या फाइलमध्ये बाहेर काढता यायला हव्यात. हा साचा १९९० च्या दशकात युरोपीय अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून ठरला. लिचेसवर देवनागरीत लिहिलेल्या टिपा नीट राहतात, पण तीच फाइल एखाद्या जुन्या प्रोग्रॅममध्ये उघडली तर मराठीच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं उमटू शकतात. मराठीत विचार करणाऱ्याने टिपा मराठीतच लिहाव्यात, आणि म्हणूनच कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये आपले सगळे डाव ओतण्याआधी एक डाव चार मराठी टिपांसह भरून पाहावा, तो पीजीएन करून बाहेर काढावा, दुसरीकडे उघडावा आणि अक्षरं वाचता येतात का ते तपासावं.