एका चेंडूचे दोन

मत्स्यपेटीत ठेवायचा मखमली हिरवा चेंडू ‘मॉस बॉल’ म्हणून विकला जातो, पण तो मॉस नव्हेच. एगाग्रोपिला लिनाई या हिरव्या शैवालाच्या तंतूंचा तो गुंता. जपानच्या होक्काइदो बेटावर आकान सरोवरात लाटा त्याला तळाशी हलकेच लोळवत राहतात. सगळीकडून उजेड मिळतो, गोलाई टिकते. तिथे त्याला ‘मारिमो’ म्हणतात आणि १९५२ पासून विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा आहे.

त्याला मूळ नाही, बी नाही. तंतूंचा तुटलेला पुंजकाही जगतो, वाढतो. म्हणून एकाचे दोन करणे सोपे. चेंडू हळुवार पिळा, स्वच्छ कात्रीने मधोमध कापा, प्रत्येक तुकडा ओल्या तळहातांवर लाडवासारखा वळा आणि सुती दोरा सैलसर गुंडाळा. दोरा पुढे आपोआप कुजतो. लाटांचे काम आता आपले: पाणी बदलताना चेंडू फिरवायचा.

वाढ वर्षाला जेमतेम ५ मिलिमीटर, तेव्हा घाईने पुन्हा कापू नका. पाणी थंड हवे. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये पेटी खिडकीपासून दूर, घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात हलवा. नवा चेंडू आणलात तर आधी नीट तपासा. २०२१मध्ये अमेरिकेत विक्रीच्या चेंडूंत उपद्रवी झेब्रा शिंपले सापडले होते.