ओठांवरची लव, मनावरचं ओझं

मुलगी सातवी-आठवीत गेली, की तिच्या ओठांवरची लव तिच्याआधी शेजारपाजारच्या बायकांना दिसू लागते. मग घरात मसुराचं पीठ, हळद, डाळीच्या पिठाचं उटणं सुरू होतं. उटण्याने मळ निघतो, चोळण्यामुळे थोडी लवही निघते. पण केसाचं मूळ त्वचेच्या आत असतं, तिथवर उटणं पोचत नाही. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. अशा मायलेकी मला नेहमी भेटतात. आईच्या मनात मुलीचं लग्न असतं, मुलीच्या मनात उद्याचं कॉलेज.

सर्वांत आधी केस कोणते, ते पाहावं लागतं. मऊ, फिकट लव सगळ्याच बायकांना असते. आई-आजीकडून आलेली गडद लव हाही आजार नव्हे. मात्र हनुवटीवर, गळ्यावर राठ काळे केस येऊ लागले, पाळी दोन-दोन महिने लांबू लागली, मुरुमं आणि वजन वाढलं, तर तपासण्या करून घ्याव्यात. अशा केसांमागे बहुतेक वेळा पीसीओएस, म्हणजे बीजकोशांशी निगडित संप्रेरकांचा बिघाड असतो. काही महिन्यांतच केस झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, तर मात्र पार्लरच्या आधी डॉक्टर गाठावा. क्वचित बीजकोशात किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ निघते.

आता उपाय. थ्रेडिंग आणि वॅक्सिंगने केस मुळासकट निघतात, तीन-चार आठवडे निभावतं. मुरुमांसाठी रेटिनॉइडचं मलम लावत असाल, तर चेहऱ्याला वॅक्स नको, साल निघते. ब्लीचने केस जात नाहीत, त्यांचा रंग उतरतो. रेझरने केस जाड होतात, हा समज खोटा आहे. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून ते हाताला राठ लागतं. केस काढण्याचं क्रीम चेहऱ्यासाठी बनवलेलंच घ्या आणि आधी कानामागे लावून पाहा.

‘कायमचा’ इलाज ही जाहिरातींची जुनी हाक. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या सौंदर्यगृहांत बायकांच्या चेहऱ्यावरचे केस क्ष-किरणांनी घालवत. पुढे त्यांतल्या अनेकींना त्वचेचा कर्करोग झाला. त्याच देशात १८७५ साली चार्ल्स मिशेल या नेत्रवैद्याने डोळ्यात टोचणाऱ्या पापण्यांच्या केसांसाठी विजेच्या सुईची पद्धत मांडली होती. ती इलेक्ट्रोलिसिस आजही टिकून आहे. केस पांढरा असला तरी चालतं. पण एकेक केस वेगळा जाळावा लागतो, म्हणून चिकाटी हवी.

लेझर केसातला काळा रंग शोधतो. आपली त्वचा सावळी, त्यामुळे तीही तापते. यंत्र किंवा हात चुकला, तर भाजल्याचे डाग पडतात. आपल्या त्वचेला डायोड किंवा १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित. सहा-आठ वेळा तरी जावं लागतं, केस खूप कमी होतात, पण सगळेच जात नाहीत. पांढऱ्या केसांवर तो चालत नाही. काही जणींना आजूबाजूला उलट जास्त केस येतात, हेही आधी सांगायला हवं. संप्रेरकांचा बिघाड असेल, तर सोबत गोळ्या लागतात. त्यांचा गुण दिसायला सहा महिने जातात आणि गर्भ राहण्याची शक्यता असेल तर त्यांतल्या काही चालत नाहीत.

दुकानातून परस्पर आणलेली गोरेपणाची मलमंही तपासून पाहा. त्यांत स्टेरॉइड असेल, तर त्वचा पातळ होते आणि चेहऱ्यावरचे केस वाढतात.

२०२४ साली उत्तर भारतातली एक मुलगी दहावीला राज्यात पहिली आली. तिचे गुण बाजूला राहिले आणि लोकांनी तिच्या ओठांवरचे केस मोजले. अशा वेळी घरातलं माणूस काय बोलतं, याला फार महत्त्व असतं. ‘कोण पत्करील हिला’ हे वाक्य मी मुलीसमोरच ऐकलं आहे; त्यानंतर ती मुलगी मान वर करून बोलली नाही. केस काढायचे की तसेच ठेवायचे, हे तिला ठरवू द्या. आणि तिला डॉक्टरकडे न्याल, तेव्हा मागच्या सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा आणि चेहऱ्याला लावलेल्या मलमांच्या ट्यूब सोबत ठेवा. निम्मं निदान त्यातच होतं.