गिअर बदलताना गचका का बसतो?

एरंडोलच्या बसस्थानकातून निघालेली गाडी धुळे-जळगाव रस्त्याला लागून वेग घेईपर्यंत चालकाला तीन-चार वेळा तरी गिअर बदलावा लागतो. एखाद्या चालकाच्या हातून हे इतके अलगद होते की उभ्या प्रवाशालाही दांडी घट्ट धरावी लागत नाही. दुसऱ्या एखाद्याच्या गाडीत मात्र प्रत्येक गिअरला सगळ्यांच्या माना आधी पुढे आणि मग मागे जातात. ‘याला क्लच हळू सोडता येत नाही’ असे निदान आपण करून मोकळे होतो. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे समजायला शालेय यंत्रशास्त्र पुरते, म्हणून ते येथे मांडत आहोत.

आधी थोडे अंकगणित करू. एका लहान मोटारीच्या चाकाचा परीघ 1.7 मीटर धरू. ताशी 20 किलोमीटर वेगाने, म्हणजे मिनिटाला 333 मीटर, जाताना चाकाचे मिनिटाला सुमारे 196 फेरे होतात. चाकाच्या आसापाशी असलेली दंतचक्रे हे प्रमाण 4 पट करतात. गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला आणखी 3.5 पट आणि दुसऱ्या गिअरला 2 पट होते असे समजू. (आकडे उदाहरणापुरते आहेत, गाडीगणिक ते बदलतात.) तेव्हा ताशी 20 किलोमीटरला पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे मिनिटाला सुमारे 2,740 असतात, तर दुसऱ्या गिअरमध्ये ते सुमारे 1,570 असायला हवेत. गाडीचा वेग तोच, पण इंजिनाने जवळजवळ 1,170 फेरे सोडून द्यायचे! गिअर बदलण्याची सगळी मेख या फरकात आहे.

क्लच दाबला की इंजिन आणि चाके यांचा संबंध तुटतो. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढलेला असल्यामुळे इंजिनाचे फेरे उतरू लागतात. ते 1,570 च्या आसपास येईपर्यंत थांबून क्लच सोडला, तर क्लचच्या दोन्ही बाजू सारख्याच वेगाने फिरत असतात आणि जोडणी झाल्याचे कळतही नाही. घाईने, इंजिन 2,700 फेऱ्यांवर असतानाच सोडला, तर फिरणारे जड फ्लायव्हील आपली जादा ऊर्जा गाडीवर लोटते. गाडी पुढे उसळते आणि माना मागे जातात. याउलट फार रेंगाळले तर इंजिन 800 फेऱ्यांवर उतरलेले असते. आता चाकांनाच इंजिन वर ओढावे लागते, गाडीला ब्रेक लागल्यासारखे होते आणि माना पुढे जातात.

घाईच्या प्रसंगाचा हिशेब करून पाहू. फ्लायव्हील आणि इंजिनाचे फिरते भाग यांचे जडत्व आघूर्ण 0.1 किलोग्रॅम-वर्गमीटर धरले, तर 2,740 वरून 1,570 फेऱ्यांवर येताना सुमारे 2,750 ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. त्यातली सुमारे 2,000 ज्यूल गाडीला मिळते. 800 किलोग्रॅमच्या गाडीचा वेग त्यामुळे ताशी 20 वरून साधारण साडेएकवीस किलोमीटर होतो. हा फरक फार नाही. पण तो पाव सेकंदात घडला तर क्षणभर गुरुत्वीय त्वरणाच्या सहाव्या हिश्श्याएवढे त्वरण निर्माण होते. आपल्या शरीराला वेग कळत नाही, आणि एकसारख्या त्वरणाशी ते जुळवून घेते. त्वरण अचानक बदलले की मात्र मान डुलते. म्हणूनच गचक्याची सुरुवात अनेकदा क्लच सोडण्याच्या आधी होते. जोरात पुढे जाणाऱ्या गाडीच्या अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय एकदम उचलला की त्वरण तिथेच नाहीसे होते. सफाईने चालवणारा पाय उचलत उचलत क्लच दाबतो.

उरलेले सुमारे 750 ज्यूल उष्णतेच्या रूपाने क्लच प्लेटमध्ये जातात. अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला नसेल तर क्लच भरकन सोडा वा सावकाश, ही उष्णता जवळजवळ तेवढीच राहते. ती दोन बाजूंच्या वेगांतील फरकाच्या वर्गावर अवलंबून असते. हळू सोडल्याने गचका पसरतो एवढेच. फरक निम्मा केला तर मात्र उष्णता चौथाई होते. आणि अर्धा क्लच दाबून ठेवून वर अ‍ॅक्सिलरेटरही देत राहणारा चालक घर्षणाला नवी ऊर्जा पुरवत असतो. त्याची गाडी गुळगुळीत चालेल, पण क्लच प्लेट लवकर झिजेल.

‘आता गाड्यांना सिंक्रोमेश असते, मग हे कशाला?’ असे कोणी विचारील. 1928 मध्ये कॅडिलॅक मोटारीत प्रथम आलेली ही योजना गिअरबॉक्सच्या आतला प्रश्न सोडवते. गुंतणाऱ्या भागांचे वेग सारखे नसतील तर दाते एकमेकांवर आपटून खरखरतात. सिंक्रोमेशमधील शंकूच्या आकाराचे कडे आधी घर्षणाने वेग जुळवते आणि मगच दाते गुंतू देते. या कामाला क्षणभर वेळ लागतो, म्हणून दांडा हिसक्याने न ओढता एकसारख्या दाबाने सरकवावा. इंजिनाचे फेरे जुळवणे मात्र चालकाकडेच राहते. कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या पहिल्या गिअरला तर सिंक्रोमेशही नव्हते. ज्या जुन्या ट्रक-बसना ही सोय नव्हती, त्यांचे चालक ‘डबल क्लच’ मारत: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून क्षणभर थांबणे, पुन्हा दाबून वरचा गिअर. मधल्या थांब्यात मंदावणारे इंजिन गिअरबॉक्समधला दंडही आपल्याबरोबर मंद करी. पुष्कळ चालकांनी पुस्तक न उघडता, केवळ कानाने हे साधले होते, याचे आम्हाला नेहमी कौतुक वाटत आले आहे.

एरंडोलहून टेकडीवरच्या पद्मालयाला जाताना लागतो तशा चढावर या हिशेबात एक भर पडते. वीस मीटरला एक मीटर चढ असेल, तर गिअर बदलण्याच्या एका सेकंदात गाडी ताशी पावणेदोन किलोमीटर वेग गमावते. इंजिनाला आता 1,570 ऐवजी 1,430 फेऱ्यांवर यायचे असते, आणि तिथे चढ ओढण्याइतकी ताकद उरेलच असे नाही. म्हणून चढावर पहिला गिअर थोडा अधिक ताणून मग दुसरा टाकतात.

वर्गात हे दाखवायला मोटार लागत नाही. दोन सायकली उलट्या करून, पुढची चाके एका रेषेत आणि टायर जवळजवळ टेकतील अशा ठेवाव्यात. एक चाक जोरात फिरवून सायकल हलकेच सरकवावी आणि ते दुसऱ्या, स्थिर चाकाला टेकवावे: टायर करकरतो, सायकल हिसका देते. मग दुसरे चाकही विरुद्ध दिशेने तेवढ्याच वेगाने फिरवून टेकवावे. विरुद्ध दिशा कशासाठी, हे मुलांनाच विचारावे. टेकण्याच्या जागी दोन्ही टायर एकाच दिशेने सरकतात, हे दोन-चार जणांच्या तरी लक्षात येईल. बोटे आरांपासून दूर ठेवायला आधीच सांगावे.