नर्मदेचं पाणी, सौर पंप आणि दहा हजारांचे रोखे: इंदूरने पैसा कसा उभा केला?

इंदूरच्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी खरगोन जिल्ह्यातल्या जलूदहून निघतं. अंतर सुमारे ७० किलोमीटर आणि शहर नदीपेक्षा जवळपास चारशे मीटर उंचावर. म्हणजे प्रत्येक हंडा विजेवर चढवलेला. पंपांचं हे वीजबिल महापालिकेचं जुनं दुखणं. त्यावर जलूदलाच ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचं ठरलं, आणि पैसा मागितला तो थेट लोकांकडे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये महापालिकेने २४४ कोटींचे हरित रोखे काढले. गाझियाबादने असे रोखे २०२१ मध्येच काढले होते, पण सामान्य माणसाला अर्ज करता येईल अशी देशातली ही पहिलीच वेळ. किमान गुंतवणूक १० हजार, व्याज ८.२५ टक्के, दर सहा महिन्यांनी. एक हजाराच्या रोख्याचे अडीचशेचे चार तुकडे. ते ३, ५, ७ आणि ९ वर्षांनी परत. दहा हजार गुंतवणाऱ्याला पहिली तीन वर्षं वर्षाला ८२५ रुपये (करापूर्वी), मग अडीच हजार मुद्दल हातात आणि पुढचं व्याज उरलेल्या साडेसात हजारांवर. मूळ मागणी १२२ कोटींची होती, अर्ज आले त्याच्या जवळपास सहापट.

कोरोनानंतर 'हरित उभारी'ची चर्चा खूप झाली. पण मे २०२० च्या पॅकेजमध्ये कोळसा वाहतुकीच्या सोयींसाठीच ५० हजार कोटी जाहीर झाले होते. केंद्राचे पहिले हरित रोखे यायला जानेवारी २०२३ उजाडलं. त्यातल्या दहा वर्षांच्या रोख्यांना व्याज होतं ७.२९ टक्के. इंदूरला जवळपास एक टक्का जास्त मोजावा लागतो, आणि नेमकं हेच जाहिरातीत दिसत नाही. रोखे म्हणजे अनुदान नव्हे, कर्ज. ते फिटणार मालमत्ता करासारख्या वसुलीतून. वीजबिलातली बचत हप्त्यापेक्षा कमी पडली, तर फरक इंदूरकरांच्याच खिशातून. शिवाय ऊन दिवसाच असतं, पाणी मात्र रात्रीही उपसावं लागतं.

वडोदऱ्यानेही २०२२ मध्ये १०० कोटींचे साधे रोखे काढले, तेही ७.१५ टक्क्यांनी. अशा पहिल्या रोख्यांवर अमृत योजनेतून १०० कोटींमागे १३ कोटी प्रोत्साहन मिळतं, हा मोठा आधार.

पण हे मोठ्या शहरांचं झालं. हिशेब चोख, करवसुली बरी आणि पतमानांकन चांगलं असेल तरच बाजार दारात उभा करतो. निपाणी किंवा खानापूरच्या आकाराच्या गावांना एकट्याने हे झेपणारं नाही. कर्नाटकात यावर एक वाट आधी काढलेली आहे: २००५ मध्ये बेंगळुरूभोवतीच्या आठ छोट्या नगरपालिकांसाठी एकत्रित निधी करून १०० कोटींचे रोखे काढले गेले होते, तेही पाण्यासाठीच.